व्हीएमएस कार्यप्रणालीवर पर्ल भाषेची उभारणी

एखादी संगणकभाषा ‘कोणत्याही यंत्रावर चालते’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या विधानात एक अट अध्याहृत असते. भाषा ज्या परिसरात जन्मली त्या परिसराच्या चालीरीती नव्या यंत्रावरही असतील, हे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत जेथे कोसळते तेथेच त्याचे स्वरूप स्पष्ट दिसते. या दृष्टीने व्हीएमएस या कार्यप्रणालीवर पर्ल ही भाषा कशी उभी केली जाते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पर्ल ही स्क्रिप्ट भाषा आहे. तिच्यात लिहिलेली आज्ञावली आधी यंत्रभाषेत उतरवून ठेवावी लागत नाही. इंटरप्रिटर ती वाचतो आणि अंमलात आणतो. परंतु हा इंटरप्रिटर स्वतः सी भाषेत लिहिलेला असून प्रत्येक कार्यप्रणालीवर तो नव्याने सिद्ध करावा लागतो. लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल प्रसिद्ध केली ती युनिक्सच्या परिसरात. व्हीएमएसचे कुळ त्याहून निराळे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ साली व्हॅक्स या संगणकाबरोबर ती जाहीर केली. पुढे ती अल्फा, इटॅनियम आणि अखेर २०२२ साली आवृत्ती ९.२ द्वारे एक्स८६ वर्गाच्या प्रक्रियकांवर आली.

ही प्रणाली विरळ आहे, म्हणजे ती क्वचित दृष्टीस पडते. तिच्यावर क्वचित कोणी विसंबते असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात लोणंद हे पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक आहे. अशा मार्गावरील प्रवाशाने १९९० नंतरच्या दशकात गाडीत जागा राखून ठेवली, की त्याची नोंद भारतीय रेल्वेच्या ज्या ‘कॉन्सर्ट’ यंत्रणेत होऊ लागली, ती व्हीएमएसवरच उभारलेली होती. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही तिची पाच केंद्रे. खिडकीशी उभ्या असलेल्या प्रवाशाला व्हीएमएसची गंधवार्ताही नसे. हे उदाहरण केवळ या प्रणालीच्या व्याप्तीचे आहे. पण अशा मोठ्या यंत्रणांभोवती नोंदी चाळणे, अहवाल तयार करणे, फाइलींची आवराआवर करणे अशी असंख्य लहान कामे असतात, आणि स्क्रिप्ट भाषेची खरी गरज तेथेच भासते.

उभारणीचा क्रम

युनिक्सवर पर्ल उभारताना प्रथम ‘कॉन्फिगर’ नावाची शेल-आज्ञावली चालवितात. ती यंत्राची तपासणी करते : पूर्णांकास किती जागा लागते, अमुक फलन ग्रंथालयात आहे काय, कंपायलर कोणता, इत्यादी. मिळालेली उत्तरे एका फाइलीत नोंदविली जातात आणि मग ‘मेक’ हे साधन त्यांनुसार काम पुरे करते. व्हीएमएसपुढे पहिली अडचण येथेच उभी राहते. युनिक्सचा शेल हा तिच्या घडणीचा भाग नाही; तिची आज्ञाभाषा डीसीएल ही आहे. म्हणून तीच तपासणी करणारी ‘कॉन्फिगर.कॉम’ ही स्वतंत्र फाइल डीसीएलमध्ये लिहावी लागली. ‘मेक’ची जागा एमएमएस अथवा एमएमके हे साधन घेते.

यानंतर प्रथम ‘मिनिपर्ल’ नावाचा लहान इंटरप्रिटर तयार होतो. उरलेल्या भाषेची उभारणी करण्यासाठी ज्या आज्ञावली लागतात त्या पर्लमध्येच लिहिलेल्या असल्यामुळे ही पायरी टाळता येत नाही. घर बांधण्यापूर्वी गवंड्याने पहाड बांधावा, तसाच हा प्रकार होय.

पुढील टप्पा लिंकरचा. व्हीएमएसवर पर्लचा गाभा ‘पर्लश्र’ या सामायिक प्रतिमेत ठेवला जातो. अशा प्रतिमेतील कोणती नावे बाहेरच्या आज्ञावलींस दिसावीत, हे लिंकरला स्पष्टपणे सांगावे लागते. त्यासाठी नावांची यादी तयार करणारी एक पर्ल-आज्ञावली मुद्दाम दिलेली आहे. शिवाय लिंकरला ३१ अक्षरांपेक्षा लांब नाव चालत नाही, आणि पर्लच्या विस्तारभागांतील नावे या मर्यादेबाहेर सहज जातात. म्हणून त्यांचा संक्षेप करणारा एक भाग पर्लच्या संचात आहे. संक्षेप करताना दोन भिन्न नावे एकरूप होऊ नयेत, ही दक्षताही त्यास घ्यावी लागते.

फाइलीची कल्पना

येथवरच्या अडचणी साधनांच्या होत्या; यापुढील अडचणी कल्पनांच्या आहेत. युनिक्सला फाइल म्हणजे अक्षरांचा अखंड प्रवाह, आणि तिचा पत्ता म्हणजे तिरप्या रेघांनी जोडलेली नावे. व्हीएमएसवर पत्त्याचे स्वरूप ‘चकती:[शोध.पर्ल]चाचणी.पीएल;३’ असे असते : आधी उपकरण, मग चौकटी कंसात डिरेक्टरी, नंतर नाव व प्रकार, आणि अर्धविरामानंतर आवृत्तीचा क्रमांक. फाइलीच्या आत बहुधा अखंड प्रवाह नसून विशिष्ट रचनेच्या नोंदी असतात. त्यामुळे मूळ संहितेची बांधलेली फाइल अन्य यंत्रावरून आणताना ती चुकीने मजकूर म्हणून पाठविली, तर उभारणी सुरू होण्यापूर्वीच थांबते. जुन्या ओडीएस-२ पद्धतीच्या चकतीवर फाइलीच्या नावात एकच टिंब चालत असे. ओडीएस-५ पद्धतीने हा निर्बंध सैल केला.

आवृत्तीक्रमांकाचा परिणाम विशेष लक्षणीय आहे. फाइल पुन्हा लिहिली की जुनी नष्ट न होता नवी आवृत्ती निर्माण होते. साहजिकच पर्लने फाइल पुसण्याची आज्ञा दिली असता केवळ सर्वांत नवी आवृत्ती जाते, आणि तिच्याखालची जुनी आवृत्ती वर येते. ‘पुसली, म्हणजे आता ती नाही’ असे मानणारी युनिक्सची आज्ञावली येथे फसते. म्हणून व्हीएमएसचा विचार करून लिहिणारे लोक पुसण्याची आज्ञा ती यशस्वी होत राहील तोवर पुन्हा पुन्हा देतात.

यश आणि अपयश

सर्वांत गंभीर भेद यशापयशाच्या संकेतात आहे. युनिक्सवर आज्ञावली संपताना शून्य परत आले तर काम यशस्वी, अन्य काहीही आले तर अयशस्वी. व्हीएमएसवर विषम संख्या यश दर्शविते आणि सम संख्या वैगुण्य दर्शविते. शेवटचे तीन द्विमान अंक तीव्रता सांगतात : ० म्हणजे इशारा, १ यश, २ चूक, ३ माहिती, ४ गंभीर चूक. अर्थात युनिक्सवर अपयश सांगण्यासाठी रूढ असलेला ‘१’ हा अंक व्हीएमएसला पूर्ण यशाची ग्वाही वाटतो.

याचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. समजा, रात्री नोंदींची प्रत काढणारी आज्ञावली अर्ध्यावर अडली आणि तिने ‘१’ परत केला. हा अंक जसाच्या तसा पोहोचला, तर पुढील आज्ञा प्रत निघाली असे समजून मूळ नोंदी पुसून टाकील. हा अनर्थ टळावा म्हणून व्हीएमएसवरील पर्ल शून्याचे रूपांतर यशाच्या संकेतात करते, आणि ‘१’ चे रूपांतर ४४ मध्ये, म्हणजे काम सोडून दिल्याच्या गंभीर संकेतात करते. ज्यांस व्हीएमएसचे मूळ संकेतच हवे असतात, त्यांच्यासाठी ‘व्हीएमएसिश’ ही सूचना आहे. ती दिली की भाषा युनिक्सचे सोंग टाकून स्थानिक रीतीने वागते.

जे जमत नाही ते

प्रत्येक भेदावर असा उतारा सापडतोच असे नाही. चालू प्रक्रियेची हुबेहूब दुसरी प्रत काढणारी युनिक्सची ‘फोर्क’ ही क्रिया व्हीएमएसच्या घडणीत नाही, आणि व्हीएमएसवरील पर्लमध्ये ती उपलब्ध नाही. तिच्यावर अवलंबून असलेली आज्ञावली उपप्रक्रिया निर्माण करण्याच्या स्थानिक मार्गाने पुन्हा लिहावी लागते.

याउलट काही ठिकाणी स्थानिक रीत अधिक सोयीची ठरते. पर्ल चकतीवर कोठे बसविली आहे हे आज्ञावलींमध्ये ठिकठिकाणी न लिहिता ‘पर्ल_रूट’ हे एक सांकेतिक नाव ठरविले जाते. उद्या पर्ल दुसऱ्या चकतीवर हलविली, तरी केवळ या नावाची व्याख्या बदलली की पुरते. उभारणीनंतर चाचण्यांचा संच चालवून, मगच स्थापना करून, हे नाव यंत्र सुरू होताना ठरविले जाईल अशी व्यवस्था केली म्हणजे काम पूर्ण होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून हे दिसून येईल की, भाषेचे स्थलांतर म्हणजे केवळ मूळ संहिता पुन्हा कंपायलरमधून काढणे नव्हे. फाइल म्हणजे काय, पुसणे म्हणजे काय, यश कशास म्हणावे, या प्रश्नांची उत्तरे भाषेने जन्मस्थानाकडून न विचारताच घेतलेली असतात. विरळ प्रणाली तिला ती उत्तरे उघडपणे सांगावयास लावते. फाइलीचे पत्ते प्रणालीनिरपेक्ष रीतीने जोडणारे ‘फाइल::स्पेक’सारखे भाग पर्लच्या संचात आहेत, ते वापरून लिहिलेली आज्ञावली युनिक्सवरही अधिक निर्दोष होते. अपरिचित प्रणालीवर एखादी भाषा मूळ संहितेपासून उभारून पाहणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यास म्हणूनच उत्तम अभ्यास ठरतो. त्यात जी चाचणी नापास होते, तीच बहुधा आजवर न उच्चारलेले एखादे गृहीत दाखवून देते.