नखाची रेघ आणि कोलोनचं यंत्र

थंडी पडली की घरातली मोठी बाई पोरांना जवळ ओढून पिंढरीवर नख फिरवून बघायची. पांढरी रेघ उठली की अंग उललं, खोबरेल तेलाची बाटली शेगडीजवळ ठेवा. तपासणी संपली. जर्मनीतल्या कोलोन शहरात तयार होणारं कॉर्निओमीटर नावाचं छोटं उपकरण याच कोरडेपणाला आकडा देतं. ‘२४ तास ओलावा’ असं क्रीमच्या खोक्यावर छापलेलं असतं, त्यामागे पुष्कळदा हे उपकरण किंवा त्याचं एखादं भावंड असतं.

कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी पडलेली त्वचा, असा आपला समज. अमेरिकेत आयर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्ये तो खोडून काढला. घट्ट्याच्या वाळलेल्या कातडीचे तुकडे त्यांनी तेलात ठेवले. ते कडकच राहिले. पाणी मिळालं तेव्हा मात्र ते मऊ पडले. मऊपणा पाण्याचा, तेल ते पाणी उडू देत नाही, एवढंच. आंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच तेल चोळायची जुनी सवय किती शहाणपणाची होती, ते या प्रयोगावरून कळतं.

हे पाणी मोजायचं तरी कसं? हातावरचा मृत पेशींचा वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा, केसाच्या जाडीहूनही कमी. तो खरवडून तपासला तर मोजायची जागाच नाहीशी होते. म्हणून विजेची मदत घेतली. विद्युत क्षेत्रात पाण्याचा परावैद्युत अंक ८० च्या आसपास असतो, त्वचेतल्या इतर बहुतेक पदार्थांचा त्याच्या मानाने फारच थोडा. थर जितका ओला, तितकी त्याची विद्युत धारिता जास्त.

कॉर्निओमीटरचा प्रोब जाड पेनासारखा हातात बसतो. त्याच्या टोकाला ७ मिलिमीटर बाजूचा चौकोन आहे. त्यात सोन्याच्या बारीक पट्ट्या दोन कंगव्यांचे दात एकमेकांत अडकवावेत तशा मांडलेल्या असतात आणि वर काचेचा पातळ पापुद्रा असतो. त्यामुळे धातू कातडीला लागत नाही, त्वचेतून प्रवाह वाहत नाही. फक्त विद्युत क्षेत्र वरच्या थरात डोकावून येतं. टोकाखाली स्प्रिंग आहे, म्हणजे कुणीही टेकवलं तरी दाब तेवढाच. सगळं काम एका सेकंदात होतं, आणि ते तसंच व्हायला हवं. प्रोब दाबून धरला तर त्याखाली त्वचेची वाफ कोंडते आणि आकडा आपोआप चढत जातो.

मला याहून लोभस वाटतं ते जपानमधलं काम. हाचिरो तागामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये उच्च वारंवारतेच्या विजेने त्वचेची वाहकता मोजून तिचा ओलावा ठरवायची पद्धत मांडली. पुढे त्यांनी एक साधी परीक्षा बसवली. हातावर पाण्याचा थेंब ठेवायचा, दहा सेकंदांनी टिपून घ्यायचा आणि मग दोन मिनिटं थोड्या थोड्या वेळाने आकडा टिपत राहायचं. थेंब टिपल्याबरोबर आकडा किती वर गेला, यावरून त्वचेने पाणी किती शोषलं ते कळतं. तो किती वेगाने खाली येतो, यावरून तिने किती धरून ठेवलं ते कळतं. त्वचा आत्ता ओली आहे का, एवढंच न विचारता तिला पाणी राखता येतं का, हे विचारणारी ही परीक्षा आहे. त्वचेचं दुखणं बऱ्याचदा इथेच असतं.

यंत्र चांगलं असलं तरी ते खोलीच्या हवेला बांधलेलं आहे. म्हणून तापमान २० ते २२ अंश, आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवतात आणि माणसाला आधी हात उघडे ठेवून अर्धा तास स्वस्थ बसवतात. ज्या दमट दुपारी मुंबईत शर्ट पाठीला चिकटतो, तशा हवेत घेतलेला आकडा घामाचा असतो. घामातले क्षार, दाट केस, आदल्या रात्री लावलेलं लोशन, सगळंच त्यात लुडबुड करतं. क्रीमचंही तसंच. त्यात पाणीच भरपूर असतं, तेव्हा लावल्या लावल्या आकडा उडी मारणारच. त्या उडीला काही किंमत नाही. कित्येक तासांनी, शेजारच्या न लावलेल्या जागेच्या तुलनेत काय उरलं, ते खरं माप.

माझी तक्रार टक्क्यांबद्दल आहे. हे यंत्र दाखवतं ते एकक उत्पादकाने ठरवलेलं. ४५ म्हणजे ४५ टक्के पाणी नव्हे. आकडा ३० वरून ४५ वर गेला, तर जाहिरातीत ‘ओलावा ५० टक्क्यांनी वाढला’ असं लिहिता येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की त्वचेत पाणी दीडपट झालं. तसं यंत्र म्हणतच नाही. ते फक्त म्हणतं, याच माणसाच्या याच जागी आधीपेक्षा ओल जास्त आहे. एवढं प्रामाणिक माप हाती असताना ते फुगवून सांगणं मला चुकीचं वाटतं.

मुंबईतली जाहिरात मानक परिषद दाव्यांचा पुरावा मागू शकते, पण कुणी तक्रार केली तर तिचं काम सोपं होतं. तेव्हा पुढची बाटली घेताना चांदणीच्या खुणेखालची बारीक ओळ वाचा: किती जणांवर पाहिलं, किती तासांनी, न लावलेल्या जागेशी तुलना केली का. यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर कंपनीला पत्र घालून विचारा.