परसबागेत ब्लूबेरी : आधी माती, मग रोप

शहरातून येणारी पाहुणेमंडळी हल्ली ब्लूबेरीचे डबे घेऊन येतात, आणि रोपवाटिकावालेही तिची रोपे पुढे करू लागले आहेत. "एवढा ऊस पिकवतो, मग घरामागे दोन झुडपं का येणार नाहीत?" असे पुष्कळ सभासद बंधूंना वाटते. प्रश्न रास्त आहे. पण पैसे मोजण्यापूर्वी या झाडाचा स्वभाव जाणून घ्यावा.

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेची. रानात आपोआप वाढणारे हे झुडूप बागेत लावले की मरायचे. तिथल्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी प्रयोग करून १९१० साली कारण प्रसिद्ध केले : या झाडाला आम्ल जमीन लागते, चुना-शेणखत घालून कसदार केलेल्या मातीत ते खंगते. ते वाचून न्यू जर्सीतील एका बागाईतदाराची कन्या एलिझाबेथ व्हाइट पुढे आल्या. त्यांनी टपोऱ्या फळांची रानझुडपे गावकऱ्यांकडून शोधून घेतली. १९१६ साली लागवडीचे पहिले पीक बाजारात गेले.

आता आपले रान पाहू. ब्लूबेरीला सामू ४.५ ते ५.५ हवा. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. सामूचा एक आकडा म्हणजे दहापट फरक. ५ आणि ८ यांत तो हजारपट होतो. चुनखडीच्या रानात खोडव्यावर केवडा पडतो, हे आपण जाणतोच. जमिनीत लोह असते, पण पिकाला मिळत नाही. ब्लूबेरीवरही तसाच केवडा पडतो, आणि लवकर पडतो. कारण तिच्या मुळांना इतर पिकांसारखे बारीक केस नसतात.

तरीही हौस असेल, तर एखाद-दुसरे रोप मोठ्या कुंडीत लावावे.

माती : रानातली माती नको. धुतलेले कोकोपीट आणि झाडाच्या सालीचा भुगा वापरावा.

पाणी : साठवलेले पावसाचे द्यावे. विहिरीचे, बोअरचे जड पाणी सामू चढवते.

खत : अमोनियम सल्फेट, तेही चिमूट-चिमूट. राख व चुना वर्ज्य. प्रेसमडही नको, रस साफ करताना घातलेला चुना त्यात उतरतो.

जात : थंड प्रदेशातल्या जातींना कडाक्याची थंडी लागते, ती आपल्याकडे पडत नाही. कमी थंडीवर फळणाऱ्या 'सदर्न हायबुश' गटातलीच जात मागावी.

मात्र कोणी "एकरी लाखोंचे उत्पन्न" सांगून रोपे गळ्यात मारू लागला, तर ऊस मोडू नका, कर्ज काढू नका. आधी मातीचा आणि पाण्याचा नमुना तपासून घ्या. तो कागद हातात धरून रोपे विकणाऱ्याला विचारा, "ह्या सामूत हे जगेल का?" उत्तर गोलमोल आले, तर बांधावर करवंद लावा. तिला आपली जमीन मानवते, आणि चैत्र-वैशाखात पोरांच्या ओंजळी भरतात.