छोटा सेन्सर, कडक फ्लॅश: जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची नवी ओढ

फोन हाती आल्यावर ज्यांना कोणी विचारेनासे झाले होते, ते खिशात मावणारे छोटे डिजिटल कॅमेरे आता कॉलेजच्या मुलामुलींच्या हातात पुन्हा दिसू लागले आहेत. फोनमधला कॅमेरा जवळजवळ प्रत्येक मोजमापात सरस आहे. तरी ही मुले कपाटातून बाबांचा 4 मेगापिक्सेलचा कॅमेरा शोधून काढतात, मैत्रिणीच्या हळदीला किंवा ट्रेकला घेऊन जातात आणि चेहऱ्यांवर भगभगीत उजेड, मागे काळोख असे फोटो हौसेने इन्स्टाग्रामवर टाकतात. ही नुसती फॅशन आहे असे म्हणून विषय संपवणे मला पटत नाही. त्या फोटोंचे रूप खरोखर वेगळे आहे आणि त्यामागे नेमकी तांत्रिक कारणे आहेत.

रोलच्या जागी कार्ड

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना 1975 मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने जुळवला. वजन सुमारे 3.6 किलो, चित्र कृष्णधवल, उभे-आडवे 100 बिंदूंचे. आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. त्यात प्रकाश टिपण्याचे काम सीसीडी या सेन्सर चिपने केले होते. सीसीडी 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधली आणि त्यासाठी त्यांना 2009 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

सामान्य ग्राहकापर्यंत ही गोष्ट पोहोचवण्यात जपानी कंपन्यांचा वाटा मोठा. 1995 मध्ये कॅसिओने क्यूव्ही-10 हा कॅमेरा आणला. त्याचे फोटो अगदी साधे, 320 बाय 240 बिंदूंचे होते, पण पाठीवर 1.8 इंचाचा रंगीत पडदा होता. फोटो काढला की लगेच सगळ्यांनी डोकी जुळवून पाहायचा, ही सवय लोकांना अशाच कॅमेऱ्यांनी लावली. 1997 मध्ये सोनीने माविका मालिकेत थेट फ्लॉपीवर फोटो साठवणारे कॅमेरे काढले. मग 2000 मध्ये कॅननचा डिजिटल इक्सस आला: 2.1 मेगापिक्सेल, धातूचे अंग, शर्टाच्या खिशात जाईल एवढा आकार. पुढच्या दहा वर्षांत निकॉनचे कूलपिक्स, सोनीचे सायबरशॉट, फुजीचे फाइनपिक्स, ऑलिंपसचे कॅमेडिया अशी या छोट्या कॅमेऱ्यांची रांग लागली.

आपल्याकडे हे कॅमेरे अनेक घरांत अमेरिकेहून किंवा आखातातून सुट्टीला आलेल्या काका-मामांच्या बॅगेतून आले, काही घरांत हप्त्याने. त्यांनी घरातला फोटो काढण्याचा रिवाजच बदलला. रोलच्या काळात 36 फोटो जपून काढायचे, रोल धुऊन येईपर्यंत कोणाचे डोळे मिटले ते कळायचे नाही, म्हणून फोटो म्हणजे नेटके उभे राहून काढायची गोष्ट होती. कार्ड आल्यावर पंगतीत वाढणारी मावशी, गच्चीवर वाळवण राखणारी मुले, सहलीच्या बसमध्ये झोपलेला मित्र, असे ज्यांच्यावर पूर्वी कोणी रोल खर्च केला नसता ते क्षण पहिल्यांदा टिपले गेले. संध्याकाळी ते संगणकावर उतरायचे, तिथून सीडीवर किंवा ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवरच्या अल्बममध्ये जायचे. त्या काळाची ओढ वाटते ती बऱ्याच अंशी या मोकळेपणाची आहे.

ते रूप कुठून येते?

पहिले आणि सर्वांत मोठे कारण फ्लॅश. जुन्या कॅमेऱ्यात झेनॉन वायूची नळी असते. एका कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्टपर्यंत वीज साठवली जाते आणि ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास इतक्या अल्पकाळात त्या नळीतून सोडली जाते. चेहऱ्यावर पडतो तो लख्ख, समोरून आलेला, कडक उजेड. नाचणारा माणूसही त्या क्षणी जागच्या जागी गोठतो. फोनमध्ये फ्लॅश म्हणतात तो एलईडी दिवा असतो. तो बराच मंद आणि जास्त वेळ चालणारा, म्हणून त्याचा परिणाम विजेरीसारखा येतो.

याला प्रकाशाचा साधा नियम जोडला जातो. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा उजेड एक चतुर्थांश होतो. म्हणून दीड मीटरवरचा मित्र झगझगीत उजळतो आणि त्याच्या मागचा मांडव काळोखात बुडतो. या छोट्या फ्लॅशची पोहोच जेमतेम तीन-चार मीटर. फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असल्यामुळे त्याचा उजेड डोळ्यांच्या पडद्यावरून सरळ भिंगात परततो आणि डोळे लाल दिसतात. पावसाचे थेंब किंवा हवेतली धूळ भिंगाजवळ असेल तर त्यावरून परतलेला उजेड गोल पांढरे ठिपके उमटवतो. ज्यांना काही लोक आत्मे समजत, ते हेच.

दुसरे कारण असे की जुना कॅमेरा एका वेळी एकच फोटो काढतो. आजचा फोन बटण दाबण्याच्या आधीपासून चित्रे घेत असतो. त्यातली अनेक एकावर एक रचून तो आकाशातले ढगही राखतो आणि सावलीतला चेहराही उजळतो, त्वचा मऊ करतो, कडा धारदार करतो. फोटो सगळीकडून नीट दिसतो, पण खोलीत खरोखर किती अंधार होता हे त्यातून कळत नाही. जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, बहुधा 5.8 बाय 4.3 मिलिमीटरच्या आसपास, आणि उजेड-अंधाराची त्याची झेप तोकडी. खिडकी उजळ आली तर ती पांढरीफटक होते, कोपरे काळे राहतात. जे पेलले नाही ते तसेच सुटलेले दिसते. मला स्वतःला या फोटोंचे बळ इथेच वाटते: त्यात उजेड होता तिथेच उजेड आहे.

तिसऱ्या कारणाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांचे भिंग, रोलच्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने, 35 मिलिमीटरपासून सुरू होऊन तीनपट झूमने 105 पर्यंत जाई. फोनचे मुख्य भिंग त्या हिशेबात 24 ते 26 मिलिमीटरचे, म्हणजे जास्त रुंद. रुंद भिंगाने चेहरा भरून घ्यायला जवळ जावे लागते, आणि जवळ गेले की नाक मोठे, कान मागे गेलेले दिसतात. जुन्या कॅमेऱ्याने थोडे लांब उभे राहून काढलेला चेहरा आपल्या डोळ्यांना दिसतो त्याच्या जवळ जातो. ‘जुन्या कॅमेऱ्यात मी बरी दिसते’ असे कोणी म्हणाले तर त्यात तथ्य असते.

सीसीडीची जादू कितपत खरी?

जुन्या कॅमेऱ्यांच्या चाहत्यांत एक समजूत पक्की आहे: रंग सुंदर येतात ते सीसीडीमुळे, आणि नंतर आलेल्या सीमॉस सेन्सरने ते घालवले. ही समजूत अर्धवट आहे.

सीसीडीत प्रत्येक बिंदूवर साठलेला विद्युतभार, विहिरीवरून रांगेने घागरी हातोहात पुढे द्याव्यात तसा, शेजारच्या बिंदूकडे सरकत कडेला जातो आणि तिथे मोजला जातो. सीमॉसमध्ये प्रत्येक बिंदूपाशीच ते काम होते. सीमॉसला वीज कमी लागते, तो वेगवान आणि स्वस्त, म्हणून त्याने बाजार जिंकला. सोनीनेही 2015 मध्ये सीसीडी बंद करण्याचा निर्णय घेतला. भार सरकवण्याच्या या पद्धतीची एक खूण मात्र अस्सल आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर किंवा त्याच्या व्हिडिओत झगझगीत दिवा आला की वरपासून खालपर्यंत एक उभी जांभळट रेघ उमटते.

रंगांचे मात्र वेगळे आहे. सेन्सर, सीसीडी असो वा सीमॉस, मुळात रंगांध असतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी आखलेली लाल, हिरव्या, निळ्या चौकोनांची जाळी त्यावर बसवली की त्याला रंग कळतात. 1976 मध्ये त्या जाळीचे पेटंट मिळाले. जाळीतल्या रंगद्रव्यांची निवड आणि कच्च्या मोजमापातून छायाचित्र घडवणारे कंपनीचे गणित, या दोन गोष्टी फोटोचा रंग ठरवतात. त्या काळच्या कंपन्या घरगुती प्रिंट डोळ्यांत भरावी म्हणून रंग गडद आणि ठसठशीत ठेवत. 2010 च्या सुमारासच्या 14-16 मेगापिक्सेलच्या कितीतरी कॅमेऱ्यांतही सीसीडीच होती, तरी त्यांचे फोटो कंदिलाच्या उजेडात जलरंगासारखे फिसकटतात, कारण नखाएवढ्या जागेत फार बिंदू कोंबले आणि त्यातून उठणारा खरखरीतपणा पुसायला कॅमेरा तपशीलही पुसू लागला. तेव्हा नुसते ‘सीसीडी’ एवढे वाचून पैसे मोजू नयेत.

फोनने पाडले, फोननेच परत आणले

2010 मध्ये जगभरात सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; त्यातले दहा कोटींहून अधिक हे छोटे, न बदलणाऱ्या भिंगाचे होते. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेची ही आकडेवारी. 2023 मध्ये याच छोट्या कॅमेऱ्यांची संख्या 17 लाखांच्या आसपास उरली होती. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना घडवणाऱ्या कोडॅकने 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि हे कॅमेरे बनवणे थांबवले.

2024 मध्ये ही संख्या किंचित वाढून 19 लाखांजवळ गेली. मधल्या काळात टिकटॉक आणि इन्स्टाग्रामवर जुन्या कॅमेऱ्यांच्या फोटोंचा ओघ सुरू झाला होता. फुजीचा एक्स100व्ही हा छोटा कॅमेरा 2022 नंतर दुकानांतून मिळेनासा झाला. 2025 मध्ये कॅननने आपले 2016 सालचे इक्ससचे मॉडेल थोड्या बदलांसह पुन्हा विक्रीला काढले, तर कोडॅकच्या नावाने चार्मेरा हा किल्लीच्या जुडग्याला अडकवण्याजोगा, 1.6 मेगापिक्सेलचा, सुमारे 30 ग्रॅमचा कॅमेरा आला. ज्यांचे बारसे आणि पहिला वाढदिवस अशा कॅमेऱ्यांत टिपला गेला, ती मुले आज विशी-पंचविशीत आहेत. त्यांच्यासाठी ‘लहानपण’ याच रंगांचे दिसते.

जुना कॅमेरा घेताना

2003 ते 2008 या काळातला, 4 ते 8 मेगापिक्सेलचा कॅमेरा शोधावा. ते रूप सर्वांत चांगले याच टप्प्यात मिळते असे माझे मत आहे. कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेसारखे साध्या पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे सोयीचे, कारण जुन्या खास बॅटऱ्या फुगलेल्या निघतात आणि नव्या मिळतातच असे नाही.

कार्डाची चौकशी कॅमेऱ्याआधी करावी. एसडी कार्ड असेल तर बरे. पण 4 जीबीपासूनची एसडीएचसी कार्डे 2006 नंतरची आहेत आणि त्याआधीचा कॅमेरा ती ओळखत नाही. त्याला 2 जीबी किंवा त्याहून लहान कार्ड लागते. ऑलिंपस आणि फुजीने 2002 मध्ये आणलेली एक्सडी कार्डे आता बनत नाहीत, त्यामुळे ती सोबत मिळत नसतील तर तो कॅमेरा सोडून द्यावा.

सौदा करण्यापूर्वी भिंग तीन-चार वेळा आत-बाहेर होऊ द्यावे. किनाऱ्यावरची वाळू शिरलेले भिंग मध्येच अडते आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. विजेरी मारून आत बुरशीची जाळी दिसते का ते पाहावे. मुंबई आणि कोकणातल्या पावसाळ्यात पडून राहिलेल्या भिंगाला ती हमखास लागते. एक फोटो काढूनच घ्यावा. त्या काळातल्या काही सीसीडी उष्ण, दमट हवेत आतून निकामी होत. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये सोनी आणि तिच्या सीसीडी वापरणाऱ्या अनेक कंपन्यांनी हे जाहीर करून फुकट दुरुस्ती देऊ केली होती. आता ती सोय नाही, आणि जांभळे, रेघारेघांचे किंवा पूर्ण काळे चित्र आले तर तो कॅमेरा संपलेला आहे. फ्लॅशचा कॅमेरा घरी उघडण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. कपॅसिटरमधली वीज बंद कॅमेऱ्यातही जोराचा झटका देते.

आधी घरातले फोटो वाचवा

नव्या फोटोंना जुने रूप देण्यापेक्षा मला त्या वर्षांतल्या खऱ्या फोटोंची काळजी जास्त वाटते. साधारण 2000 ते 2010 या काळातले घरचे फोटो सर्वांत असुरक्षित आहेत. त्याआधीच्यांची निगेटिव्ह आणि अल्बम आहेत, नंतरचे फोनमधून आपोआप कुठेतरी साठत गेले. मधल्या दशकातले फोटो छापलेही गेले नाहीत आणि त्यांची दुसरी प्रतही फारशी कोणी ठेवली नाही. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झाले. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर काळाबरोबर खराब होतो, आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मेमरी कार्डातला भार हळूहळू झिरपतो.

कपाटात ‘गणपती 2006’ असे मार्करने लिहिलेली सीडी असेल, कॅमेऱ्याच्या पाऊचमध्ये 64 एमबीचे कार्ड असेल, तर ते या सुट्टीत बाहेर काढा. यूएसबीने जोडायचा सीडी ड्राइव्ह आणि कार्ड रीडर अजून मिळतात. कार्डातले, कॅमेरा फोटो ज्यात ठेवतो ते डीसीआयएम नावाचे फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्या. फोटो कमी-जास्त करू नका, नावे बदलू नका, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, कारण तिथे फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख व कॅमेऱ्याची माहिती गळून जाते. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. मग घरातल्या थोरांना बसवून कोण कोण आहे ते विचारून लिहून घ्या. ही माहिती कोणत्याही कार्डात नसते.