सहस्रांश इंचाची तालीम

दिवसभर गुदामात वा गॅरेजात चाकरी करून सायंकाळी वर्गात हजेरी लावणाऱ्या प्रौढांस आणि नुकतीच शाळा संपवलेल्या तरुणांस एकाच बाकावर बसवणारी जी सार्वजनिक महाविद्यालये अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत, त्यांपैकी एका कम्युनिटी कॉलेजात मी अभियांत्रिकी तंत्रविद्येचे शिक्षण घेतले. या संस्थांचा आरंभ १९०१ साली इलिनॉयमधील जोलिएट येथे अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी झाला, आणि अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली त्यांचा जोरदार पुरस्कार केला.

तेथे लेथवर माझी खरी परीक्षा घेतली ती चक म्हणजे जॉब (कापावयाचा तुकडा) घट्ट धरून फिरवणारी जी पकड, तिच्या चार जबड्यांच्या प्रकाराने. तीन जबड्यांच्या चकमध्ये एक चावी फिरवली की सारे जबडे एकदम सरकतात व गोल जॉब जवळजवळ मध्यावर येतो; येथे मात्र प्रत्येक जबडा स्वतंत्र असल्यामुळे, सूक्ष्म फरक काट्याने दाखवणाऱ्या डायलचे टोक जॉबला टेकवून, चक हाताने सावकाश फिरवून, काटा कोठे चढतो व कोठे उतरतो हे पाहत मध्य शोधावा लागतो. काटा एकंदर वीस सहस्रांश इंच हलला, तर नवशिक्या तेवढ्यानेच जॉब सरकवतो आणि जॉब दुसऱ्या बाजूस पूर्वीइतकाच मध्याबाहेर जातो. कारण मध्यापासूनचे खरे अंतर त्या फरकाच्या निम्मे, म्हणजे दहाच सहस्रांश असते. ही भूमिती फळ्यावर समजते, पण बोटांत उतरण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ देणे हेच या शिक्षणाचे मर्म होय असे माझे ठाम मत आहे.

गणित येथे सदैव दिमतीला असते. हायस्पीड स्टीलच्या टूलने मऊ पोलाद कापताना मिनिटाला शंभर फूट वेग धरला, तर एक इंच व्यासाच्या दांड्यास मिनिटाला सुमारे ४०० फेरे द्यावे लागतात. फुटांचे इंच करून परिघाने भागताना येणारा गुणक बारा भागिले पाय (π) म्हणजे ३.८२, कारखान्याच्या हिशेबात ४. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. त्याहून तीस अंशांनी तापलेला दोन इंची दांडा मायक्रोमीटरखाली सुमारे सात दशसहस्रांश इंच जाड भरतो, म्हणून अखेरच्या कापापूर्वी जॉब निवू देण्याचा शिरस्ता आहे.

या विद्येस पदवीच्या अभियांत्रिकीहून कनिष्ठ लेखणारे पुष्कळ भेटतात. तो निवाडा मला अन्यायाचा वाटतो. तिचा भर निराळा आहे, इतकेच.

तरीही तेथे नाव घालणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने एक खबरदारी घ्यावी. दोन वर्षांनी मिळणारी असोसिएट पदवी घेऊन पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याचा मनसुबा असेल, तर कोणते विषय ग्राह्य धरले जातील याची लेखी हमी प्रवेशापूर्वीच त्या विद्यापीठाकडून घ्यावी. कारण तंत्रविद्येच्या पुष्कळ अभ्यासक्रमांतील गणित बीजगणित-त्रिकोणमितीवर आधारलेले असते, आणि अभियांत्रिकीची पदवी कलनशास्त्र मागते.