चिंचपोकळीच्या नळाची रामकुंडाशी सोयरीक

पाठीला सॅक अडकवून चिंचपोकळीहून नाशिकच्या पंचवटीला निघालेल्या माणसाला वाटतं, आपण कुठल्या तरी वेगळ्याच पाण्याकडे चाललोय. सकाळी ज्या पाण्याने त्याने तोंड धुतलं, त्याचं आणि रामकुंडातल्या पाण्याचं माहेर एकच असू शकतं, हे त्याला सांगणार कोण?

चिंचपोकळीला लांबची गाडी थांबत नाही. स्लो लोकलने दादर गाठायचं, तिथून नाशिककडची गाडी. कसाऱ्याला ती रेंगाळली तर वैतागू नका. मागे बँकर इंजिनं जोडली जात असतील. पुढचा थळ घाट 37 मीटर गेलं की 1 मीटर वर चढतो. डांबरी रस्त्याला हे काहीच नाही. पण रूळही लोखंडाचा आणि चाकही लोखंडाचंच, पकड ती कितीशी मिळणार? म्हणून पुढून ओढायचं, मागून रेटायचं. 1865 साली ही वाट सुरू झाली तेव्हा हा सगळा भार वाफेवर होता!

खरी गंमत मात्र डब्यात बसून कळत नाही. कसाऱ्याच्या अंगाला पडलेला पाऊस भातसा नदीत उतरतो. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा भातसेचाच, भातसेचं उरलेलं पाणी अरबी समुद्राला. घाट चढून इगतपुरीला पोचलात, की तिथला पाऊस दारणेतून गोदावरीला मिळतो आणि थेट बंगालच्या उपसागराची वाट धरतो. तोच ढग, तीच सर, आणि थेंबाचं नशीब ठरतं ते तो कुठल्या बाजूला पडला यावर.

कोकणातल्या आपल्या कौलारू घराचं आढं आठवा. सह्याद्री तसंच आढं आहे, फक्त बांधणाऱ्याने ते भलतंच एका कडेला नेऊन ठेवलंय. पूर्वेची पाख लांबलचक, पार आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत. पश्चिमेची मात्र उभी तुटलेली. असं का? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून हे पठार झालं. पुढे आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटून दूर गेला. मोडलेली कड पश्चिमेला राहिली आणि पठार पूर्वेकडे कललं.

म्हणून त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगवणारी गोदावरी वेडेपणा करते असं वाटतं. अरबी समुद्र तिथून 80 किलोमीटरच्या आसपास. ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवून 1,465 किलोमीटर चालत जाते! आणि त्र्यंबकच्या त्याच डोंगरांत दुसरी एक नदी उगम पावते, जी पश्चिमेला वळते. वैतरणा. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर ही तिच्यावरची धरणं, आणि त्यांचं पाणी मुंबईच्या नळात. जिला भेटायला आपण एवढा घाट चढून आलो, तिची सख्खी शेजारीण रोज आपल्या मोरीत येते.

पूर्वेला निघालेली गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. इथे लोक लांबलांबून अस्थी घेऊन येतात. नदीने सगळ्यांचं सगळं पोटात घेतलं, पण जवळच्याच काळाराम मंदिराचं दार दलितांना बंद होतं. ते उघडावं म्हणून 2 मार्च 1930 ला, परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला.

रामकुंडाजवळ नदीच्या घाटावरच दुतोंड्या मारुती उभा आहे, नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. मीटर-सेंटिमीटरचा हिशोब पाटबंधारे खात्याने ठेवावा. गावात विचारतात ते मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला की छातीला? आणि मुंबईत मोडक सागर भरून वाहू लागल्याची बातमी येते तेही बहुधा पुराच्या याच दिवसांत. आढं एक, मग पाऊस वेगळा कसा असेल? तेव्हा पावसाळ्यात जाणार असाल तर निघण्याआधी मारुतीची खुशाली विचारा. छातीला पाणी असेल, तर सॅक घेऊन घाटावर उतरू नका.