सवालीरामाची बिरादरी

सवालीराम नावाचा माणूस कधीच नव्हता, तरी त्याला पत्रं यायची. मध्य प्रदेशातल्या काही जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या मुलांच्या हातात ‘बाल वैज्ञानिक’ नावाचं विज्ञानाचं पुस्तक असे. काही विचारावंसं वाटलं तर सवालीरामाला लिहा, असं मुलांना सांगितलेलं असे आणि मुलं खरोखर लिहीत. पत्र ज्याच्या हाती पडेल तो, मग तो कार्यकर्ता असो की एखाद्या कॉलेजातला प्राध्यापक, उत्तर शोधायचा, सोप्या हिंदीत उतरवायचा आणि सवालीरामाच्या नावाने टपालात टाकायचा.

विज्ञान लिहिणारी माणसं तयार कशी होतात, ती एकमेकांना धरून कशी राहतात, याचा विचार करताना मला हा सवालीराम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बारा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाला टपालाने उत्तर द्यायचं म्हणजे पाल्हाळ लावता येत नाही, जड शब्दांच्या आड लपता येत नाही आणि मूळ प्रश्नाला बगल तर मुळीच देता येत नाही. शिवाय उत्तराखाली स्वतःचं नाव नाही! लेखनाची यापेक्षा कडक तालीम मला माहीत नाही. देवास आणि धार या आपल्या पवारांच्या जुन्या संस्थानांच्या मुलखात ही तालीम जिथवर पोचली, तिथवर विज्ञानाबद्दल लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांची एक बिरादरी उभी राहिली. तिचे धागे मुंबई-पुण्याला बांधलेले आहेत, हे मात्र आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं.

सुरुवात १९७२ची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून अनिल सद्गोपाल यांनी होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ ही संस्था काढली. तिने आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने मिळून सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. हाच होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. त्याच्या मुळाशी डून स्कूलचे बी. जी. पित्रे यांनी मांडलेली ‘प्रयोगांतून भौतिकशास्त्र’ ही कल्पना होती, आणि टाटा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती मुंबई महापालिकेच्या शाळांत करून पाहिलेली होती. १९७८ मध्ये कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या सरकारी शाळांत गेला. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने तो माळव्यात नेला. देवास, उज्जैन, धार, रतलाम, झाबुआ अशा जिल्ह्यांतल्या शाळा त्यात आल्या.

‘बाल वैज्ञानिक’मध्ये उत्तरं छापलेली नसत. एकच धडा जवळून पाहू. मुलांनी शेताच्या बांधावर जायचं आणि निरनिराळी रोपं मुळासकट उपटून आणायची. गव्हाचं पान उजेडात धरलं की शिरा एकमेकींना समांतर, देठाकडून टोकाकडे सरळ गेलेल्या दिसतात. मुळं पाहिली तर झुबका. हरभऱ्याच्या किंवा सोयाबीनच्या पानात शिरांचं जाळं असतं. खाली एक जाड मुख्य मूळ आणि त्याला फुटलेली बारीक मुळं. दहा-पंधरा रोपं पाहिली की नियम मुलांच्याच तोंडून निघतो: समांतर शिरा तिथे झुबका, जाळी तिथे सोटमूळ. मग कुणीतरी अळूचं पान घेऊन येतं. अळूच्या शिरा जाळीदार दिसतात, मुळं मात्र तंतूंसारखी. आता नियम मोडला की अळू चुकलं? या क्षणी शिक्षकाला जे करावं लागतं ते कुठल्याही प्रशिक्षणात पाठ करून घेता येत नाही. ‘मलाही माहीत नाही, शोधू या’ हे वर्गासमोर म्हणण्याची हिंमत लागते. आपल्या गावात, आपल्या पदाचा मान सांभाळून हे म्हणणं सोपं नसतं.

म्हणून ‘मासिक गोष्ठी’ होती. जवळपासच्या शाळांचे विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमत. कुठला प्रयोग फसला, भिंग कसं चाललं, मुलांनी काय विचारलं, परीक्षेत काय विचारावं, सगळं तिथे निघे. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. त्यामुळे पाठांतर तपासणारे प्रश्न चालतच नसत आणि नवे प्रश्न रचणं हेही शिक्षकांचंच काम होऊन बसलं. गोष्ठीत बोललेलं पुढे कागदावर आलं. ‘होशंगाबाद विज्ञान’ नावाची पत्रिका निघू लागली, तिच्यात शिक्षक लिहू लागले. जिल्ह्याच्या गावातला, बदलीच्या भीतीत जगणारा, हाताखाली धड प्रयोगशाळा नसलेला मास्तर आपल्या वर्गातल्या निरीक्षणावर लेख लिहितो आणि तो दुसऱ्या तालुक्यातला मास्तर वाचतो, ही घटना मला त्या काळातल्या कितीतरी विद्यापीठीय चर्चासत्रांपेक्षा मोठी वाटते. लेखक आधी आणि बिरादरी नंतर, असं तिथे झालंच नाही. आधी एकत्र बसून काम करणं आलं, त्या बसण्यातून लिहिणं आलं.

देवासला हे अधिक ठळकपणे दिसतं, त्याचं एक कारण विज्ञानाशी संबंधित नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आले, तिथेच राहिले आणि माळव्याच्या लोकगायकांकडून ऐकलेली निर्गुणी भजनं त्यांनी जगभर नेली. ज्या मंडळ्यांकडे हे धन होतं त्या खेड्यापाड्यांत रात्र-रात्र गातच होत्या. १९९१ पासून एकलव्यच्या देवास केंद्राने या मंडळ्यांना दर महिन्याला एकत्र बसवायला सुरुवात केली. ‘कबीर भजन एवं विचार मंच’ असं नाव होतं. भजन व्हायचं, मग त्यावर चर्चा: जातीबद्दल कबीर काय म्हणतो, कर्मकांडाबद्दल काय म्हणतो आणि आपण घरी काय करतो. प्रह्लादसिंह टिपानिया यांच्यासारखे गायक, जे स्वतः सरकारी शाळेत शिक्षक होते, या मंचाशी जोडलेले होते. जी संस्था विज्ञान शिक्षकांची गोष्ठी चालवत होती, तीच भजनी मंडळ्यांचीही बैठक घेत होती. मला यात योगायोग दिसत नाही. ज्या भागात माणसांना रात्रभर बसून एका ओळीचा अर्थ लावायची सवय आहे, तिथे अळूच्या पानावरून वाद घालणंही रुजतं. महाराष्ट्रात आपण विज्ञान प्रसार आणि भजन-कीर्तन यांना दोन वेगळ्या वाड्यांत बसवलं, त्यात आपलं नुकसान झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्याचा धागाही याच काळातला. पुण्याच्या टेल्कोत काम करणारा अरविंद गुप्ता नावाचा आयआयटी कानपूरचा अभियंता १९७८ मध्ये रजा घेऊन किशोर भारतीत गेला. तिथे त्याच्या हाती सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीतल्या काड्या आल्या. नळीचे छोटे तुकडे करून त्यांत काड्या खोचल्या की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच तिरका होतो. पुलाला, छपराच्या कैचीला त्रिकोण का लागतात, हे मुलाच्या बोटांना कळतं. पुढे २००३ पासून गुप्ता पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत रमले. मराठी घरांतल्या एका पिढीने त्यांची खेळणी केली आहेत. स्वतःची पुस्तकं त्यांनी कुणालाही फुकट वाचता येतील, उतरवून घेता येतील अशी मोकळी सोडली.

मोकळं सोडणं हा या मंडळींचा स्वभावच होता. एकलव्यने १९८५ मध्ये मुलांसाठी ‘चकमक’ हे मासिक सुरू केलं, १९९४ मध्ये शिक्षकांसाठी ‘संदर्भ’. आणि ‘स्रोत’ ही विज्ञान लेखांची सेवा, जिच्यातले लेख छोट्या शहरांतल्या वर्तमानपत्रांनी उचलून छापावेत हाच उद्देश. देवासशी जोडलेलं याच वृत्तीचं आणखी एक उदाहरण आहे. देवासचे तलाव बुजवले गेले, कूपनलिका खोल-खोल जात राहिल्या आणि १९९०च्या उन्हाळ्यात शहराला प्यायचं पाणी इंदूरहून रेल्वेने आणावं लागलं. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३च्या पुस्तकात हे नोंदवलं आणि पुस्तकावर स्वामित्व हक्कच ठेवला नाही. ज्याला हवं त्याने छापावं. ते अनेक भाषांत गेलं, गावोगावी पोचलं, आणि वाचून लोकांनी तळी उपसली. लेखकाने नावाचा आणि मालकीचा हट्ट सोडला की लेख किती लांब चालत जातो, याचा याहून चांगला पुरावा कुठे शोधायचा?

देशात इतरत्रही असे गट होते. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ मध्ये मुळात विज्ञान लेखकांनीच एकत्र येऊन काढली. आपली मराठी विज्ञान परिषद १९६६ची. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली, पहिली आली आणि नंतर कळलं की लेखक जयंत नारळीकर आहेत. हेच नारळीकर पुढे सही मागणाऱ्या शाळकरी मुलांना सांगत: एका पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. होशंगाबादचा सवालीराम आणि पुण्याचे नारळीकर यांची तालीम एकच. फरक इतका की एकाचं नाव काल्पनिक होतं आणि दुसऱ्याचं जगप्रसिद्ध. मुलाच्या दृष्टीने दोघांचंही उत्तर टपालातून घरी येत होतं. मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ पुण्याहून निघू लागलं तेव्हा हिंदी ‘संदर्भ’चाच वसा त्याने घेतला.

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने होशंगाबाद कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम. इतर शाळांत जे पुस्तक, तेच सगळीकडे, असा निर्णय झाला. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. त्याचं दुःख त्या शिक्षकांच्या लेखनात अजून वाचायला मिळतं आणि ते वाचताना माझाही जीव तुटतो. पण एकलव्यची नियतकालिकं चालू राहिली, त्यांतलं सवालीरामाचं सदर चालू राहिलं. शिक्षकांना एकदा लागलेली लिहिण्याची सवय आदेशाने काढून घेता आली नाही.

आता धारकडे येऊ, तिथल्या एका शिक्षकाच्या कामासाठी. विंध्याच्या दक्षिण उतारावर, नर्मदेच्या बाजूला बाघ आणि कुक्षीचा प्रदेश आहे. बाघची लेणी आपल्याला चित्रांमुळे माहीत असतात. त्या परिसरातल्या दगडांत समुद्राच्या खुणा आहेत: शंख-शिंपले, साळिंदरासारखे काटेरी सागरी जीव, शार्कचे दात. क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या पर्वात, समुद्राचं एक बोट इथवर आलं होतं. समुद्र हटल्यावर जे थर साचले त्यांना लॅमेटा म्हणतात आणि त्यांच्यावर मग आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्याने बनला तोच लाव्हा पसरला. या लॅमेटा थरांत डायनोसॉरांची अंडी आहेत.

ती शोधणाऱ्यांत एक नाव सतत येतं, विशाल वर्मा यांचं. धार जिल्ह्यातल्या बाकानेरच्या उच्च माध्यमिक शाळेतले शिक्षक. दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान आणि जी. व्ही. आर. प्रसाद यांच्यासह त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली आहेत. लांब मानेच्या, शाकाहारी टायटॅनोसॉरांची ही अंडी. व्यास १५ ते १७ सेंटिमीटर, एका घरट्यात एकापासून वीसपर्यंत. आधी, २०२२ मध्ये, ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये याच गटाने बाघजवळच्या पाडल्याचं एक विलक्षण अंडं मांडलं होतं: कवचाच्या आत पुन्हा एक कवच. तयार झालेलं अंडं बाहेर पडण्याऐवजी मागे ढकललं गेलं, त्याच्याभोवती दुसरं अंडं तयार झालं. हा बिघाड तोवर फक्त पक्ष्यांत माहीत होता. म्हणजे या अजस्र प्राण्यांची अंडवाहिनी काही बाबतींत पक्ष्यांसारखी चालत असावी. एका खेड्याच्या शिवारातला दगड जीवसृष्टीच्या इतिहासात अशी भर घालतो.

डिसेंबर २०२३ मध्ये पाडल्याबद्दल दुसरीच बातमी गाजली. तिथले शेतकरी जे गोल दगड शेत-गुरांचे राखणदार म्हणून ‘काकड भैरव’ मानून पूजतात, ती डायनोसॉरची अंडी निघाली, अशी. बहुतेक बातम्यांचा सूर शेतकऱ्यांना हसण्याचा होता. मला तो मुळीच पटला नाही. काकड म्हणजे शिवार. नांगराला लागलेला असा दगड फोडून न टाकता बांधावर जपून ठेवणारी माणसं जीवाश्मांची मित्रच आहेत. त्यांच्याशी बोलून, त्यांच्या बोलीत, ‘हा दगड काय आहे ते तुम्हीही पाहा’ असं कुणी लिहिलं असतं तर ती खरी विज्ञानवार्ता झाली असती. वर्मांसारखा शिक्षक गावातलाच असतो, म्हणूनच त्याला दगड सापडतात आणि माणसंही. अशा शिक्षकाला महिन्याकाठी बसायला मित्र आणि लिहायला पान मिळालं तर धारमधून काय काय येईल, याची होशंगाबादच्या गोष्ठीवरून कल्पना करता येते.

मराठीत या अंड्यांबद्दल सविस्तर यायला हवं. धार-देवासच्या मराठी कुटुंबांतले शिक्षक, आपल्याकडचे भूशास्त्राचे विद्यार्थी, शाळांतली विज्ञान मंडळं, कुणीही हे करू शकतं. ‘प्लॉस वन’ आणि ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मधले हे दोन्ही निबंध खुल्या परवान्याचे आहेत. मराठीत आणायला कुणाला विचारावं लागत नाही, फक्त परवान्याचा उल्लेख करून, भाषांतर असल्याचं सांगून मूळ लेखकांची नावं द्यावी लागतात, बाकानेरच्या शिक्षकाचं नावही त्यांत आलं.