पहिला दोर

असईच्या लढाईत चढायला काहीच नव्हतं. जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं ते मोकळं रान. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेवर इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली तिथे चालून गेला. नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसतात, म्हणजे मध्ये उतार असणारच, एवढ्या अंदाजावर त्याने केळना ओलांडली. संध्याकाळपर्यंत शिंद्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या होत्या आणि त्याची दीड हजारांहून अधिक माणसं मेली तरी होती, नाहीतर जखमी होऊन पडली होती.

असईवर इतकं लिहिलं गेलं आहे की त्या मोहिमेची दोन टोकं नजरेआड होतात. मोहिमेची सुरुवात शिडीने झाली आणि शेवटही शिडीने झाला. ८ ऑगस्टला वेलस्लीच्या याच फौजेने अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, पेठ शिड्या लावून घेतली. पेठेच्या तटाला आतून फांजी नव्हती. शिडीवरून माथ्याला पोहोचलेल्या शिपायाला बुरूज सोडून दुसरीकडे पाय टेकायला जागाच मिळेना. आतले लोक एकेकाला वरून खाली लोटत राहिले. ७८ व्या हायलँडर पलटणीचा लेफ्टनंट कॉलिन कॅम्पबेल तलवार मनगटाला अडकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून वर चढला तेव्हा वाट फुटली. चार दिवसांनी किल्लाही पडला. सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला, मग असई झाली, नोव्हेंबरअखेर आडगाव झालं आणि फौजा मेळघाटात गाविलगडापाशी आल्या.

गाविलगडाला शिडीच्या आधी रस्ता लागला. ७ ते १२ डिसेंबर हे दिवस स्टीव्हन्सनच्या लोकांनी डोंगरातून वाट काढत, जड तोफा ओढत नेण्यात घालवले. उत्तरेकडून तोफा डागून बाहेरचा तट फोडला आणि १५ तारखेला हल्ला चढवला. पण आत आणखी एक किल्ला होता. मध्ये घळ, पलीकडे तट, आणि दरवाजा तर माऱ्याच्या तोंडावर. ९४ व्या पलटणीच्या हलक्या कंपनीचा कॅप्टन कॅम्पबेल दरवाजाच्या नादी लागला नाही. तटाची चढता येईल अशी जागा हेरून त्याने तिथे शिड्या लावल्या, माणसं वर घेतली आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसल्यांनी देवगावचा तह केला.

दीड-दोनशे शिपायांनी एका भिंतीवर चढणं आणि गिर्यारोहण यांचा काय संबंध, असं कोणी म्हणेल. माझ्या मते संबंध थेट आहे. सैन्यातल्या सगळ्यांना चढण्यात उत्तम असावं लागत नाही. एकाला किंवा दोघांना उत्तम चढावं लागतं आणि मागच्यांसाठी वाट बांधून ठेवावी लागते. बाकीची पलटण बेताची चढणारी असली, खांद्यावर ओझं असलं, वेळ रात्रीची असली, तरी त्या बांधलेल्या वाटेने वर जाते. नागरी गिर्यारोहक शिखरावर पोहोचला की त्याची चढाई संपते. सैनिकाचं खरं काम वर पोहोचल्यावर सुरू होतं, म्हणून त्याला चढताना दम राखून ठेवावा लागतो.

ही रीत मराठी मुलखाला इंग्रजांनी शिकवली नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा, म्हणजे आजचा सिंहगड, कसा चढला गेला, हे आपण यशवंती घोरपडीच्या गोष्टीतून ऐकत आलो. ती गोष्ट पोवाड्याने घरोघर नेली. पण कृष्णाजी अनंत सभासदाची बखर उघडली, तर घोरपड कुठेच सापडत नाही. छत्रपती राजारामांच्या काळात जिंजीला लिहिलेली ही बखर शिवकाळाच्या सर्वांत जवळची. तिच्यात क्रम असा आहे: चढण्यात मर्द असे दोन मावळे निवडले, त्यांना रात्री कड्यावरून वर चढवलं, ते वानरासारखे सरसर वर गेले, त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि त्या माळेने तानाजी मालुसरे सुमारे तीनशे लोकांनिशी गडावर गेले. आजच्या आरोहकाला यात एकही शब्द परका वाटणार नाही. आधी ‘लीड’, मग ‘फिक्स रोप’, मग तुकडी.

त्या दोघांची नावं बखरीत नाहीत. घोरपडीला नाव मिळालं आणि ती दोन माणसं बिननावाची राहिली, याची मला खरोखर खंत वाटते. माघातल्या थंड रात्री, उजेड न करता, खालच्याचा दोर हाती नसताना सिंहगडाचा कडा चढणं म्हणजे काय, हे ज्याने दिवसा ‘बिले’, म्हणजे खालून कोणी धरलेला दोर, घेऊन सह्याद्रीत प्रस्तरारोहण केलं आहे त्याला विचारावं. आपला खडक बेसाल्टचा. लाव्हाच्या एकावर एक थरांचा. घट्ट थर उभा राहतो, त्याच्यावरचा भुसभुशीत थर झिजून तिथे गवताळ टप्पा होतो. कडा टप्प्याटप्प्याने चढता येतो तो यामुळेच. पण टप्प्यावरचं गवत हाती धरलं की मुळासकट उपटून येतं आणि वरून सुटे दगड निसटतात. कोणत्या धारेला हात टिकेल आणि कोणता दगड आवाज करील, हे बोटांना आधीच ठाऊक असावं लागतं. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ लोकांनिशी रात्री पन्हाळा घेतला, तेव्हाही भरवसा संख्येपेक्षा निवडीवर होता.

स्वतंत्र भारताच्या सैन्यात या कामाला शाळा मिळाली ती काश्मीरच्या युद्धामुळे. १ नोव्हेंबर १९४८ ला जनरल थिमय्यांनी झोजी ला खिंडीत रणगाडे चढवले. त्यानंतरच्या डिसेंबरात गुलमर्गला १९ व्या इन्फंट्री डिव्हिजनची स्की शाळा निघाली. पुढे तिच्यात हिवाळी युद्धाचं शिक्षण सुरू झालं आणि एप्रिल १९६२ मध्ये तिचं ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झालं. सैन्यात सगळे तिला ‘हॉज’ म्हणतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं. डोंगरातल्या लढाईसाठी वेगळं शिक्षण लागतं, ही गोष्ट त्या हिवाळ्यानंतर कोणाला पटवून सांगावी लागली नाही.

‘हॉज’चं वर्ष दोन भागांत चालतं. हिवाळ्यात गुलमर्गला बर्फावरची लढाई आणि स्कीइंग, उन्हाळ्यात सोनमर्गला पर्वतयुद्ध: खडक, हिमनदी, दोर, मेखा, जखमीला कड्यावरून खाली आणणं. इथे दख्खनच्या कड्यांत नसलेला एक शत्रू भेटतो. तो म्हणजे विरळ हवा. म्हणून नियम ठरलेला आहे: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० फुटांपर्यंत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस. मराठवाड्यातल्या, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड-दोन हजार फुटांवर वाढलेल्या जवानालाही हेच चौदा दिवस आणि पहाडी जवानालाही तेच. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. फुप्फुसात पाणी भरलं की हिंमत उपयोगी पडत नाही, हे अनुभवाने शिकलेल्या लोकांनी तो घालून दिला आहे. शिक्षणातही जीव जातात. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला हिमस्खलन झालं आणि याच शाळेच्या तुकडीतले सतरा जवान गेले.

सैन्याच्या शिखरमोहिमांकडे हौस म्हणून पाहणाऱ्यांनी कर्नल नरेंद्र कुमार यांचं आयुष्य पाहावं. १९६१ मध्ये नीलकंठ मोहिमेत हिमदंशाने त्यांच्या पायाची चार बोटं गेली. १९६५ मध्ये नौदलाच्या कोहलींच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टवर पहिल्यांदा भारतीय मोहीम पोहोचली, तिचे ते उपनेते होते. १९७७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली सैन्याने कांचनजंगा ईशान्य धारेवरून सर केलं. ‘हॉज’ची सूत्रं हाती असताना, १९७८ मध्ये, ते सियाचेन हिमनदीवर तुकडी घेऊन गेले. १९८१ मध्ये पुन्हा गेले आणि नकाशे, छायाचित्रं, वाटांची माहिती घेऊन आले. १३ एप्रिल १९८४ ला ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं तेव्हा ती माहिती पायाखाली होती.

१९९९ च्या कारगिल युद्धात, ३-४ जुलैच्या रात्री, १८ ग्रेनेडियर्सची ‘घातक’ प्लाटून टायगर हिलच्या उभ्या अंगाने चढली. वर शत्रूचा पहारा होता, आणि या अंगाने कोणी येईल असं त्याला वाटत नव्हतं. पुढे जाऊन दोर बांधायला ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव आपणहून तयार झाले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. दोर बांधता बांधता वरून गोळीबार सुरू झाला, गोळ्या लागल्या, तरी ते वर पोहोचले. परमवीर चक्राच्या मानपत्रात दोर बांधण्याचा उल्लेख आहे. कोंढाण्याच्या त्या दोघांनी जे काम केलं तेच हे काम, खाली तीनशेच्या जागी एक प्लाटून, आणि या वेळी नावासकट नोंदलेलं.

सियाचेनवर हे काम दोन हप्त्यांत झालं. १९८७ च्या मे महिन्यात सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांची तुकडी पाकिस्तानच्या ‘कायद’ चौकीकडे जाणारी बर्फाची भिंत चढायला निघाली. चौकी २१,००० फुटांवर होती आणि ती भिंत जवळजवळ साडेचारशे मीटर उंच. त्यांनी वाटेत दोर बांधले, आणि माथ्याजवळ पांडे व त्यांचे अनेक साथीदार गोळीबारात पडले. जूनमध्ये ८ जम्मू-काश्मीर लाइट इन्फंट्रीची पुढची तुकडी आली, तेव्हा ते दोर ताज्या बर्फाखाली गाडले गेले होते. ते शोधून काढावे लागले. २६ जूनला नायब सुभेदार बाणा सिंग आपल्या साथीदारांसह त्या भिंतीवरून चौकीत शिरले. चौकीला आता ‘बाणा टॉप’ म्हणतात, आणि त्या मोहिमेला सैन्याने नाव दिलं ‘ऑपरेशन राजीव’.